फलाट पाच, गाव दूर

लंडनच्या दक्षिणेला, ससेक्समध्ये, हॉर्स्टेड केन्स नावाचं एक रेल्वे स्टेशन आहे. ज्या गावाचं नाव ते मिरवतं ते गाव मैलाहून अधिक अंतरावर, आणि वस्ती एवढीशी की इथे पाच फलाट कशाला हवेत असा प्रश्न पडावा. १ ऑगस्ट १८८२ रोजी लुईस ते ईस्ट ग्रिनस्टेड ही लाइन सुरू झाली, पुढच्या वर्षी हेवर्ड्स हीथकडून येणारा फाटा इथे येऊन मिळाला, आणि जंक्शन म्हटल्यावर बांधणाऱ्यांनी हात आखडता घेतला नाही. त्या ऐसपैसपणाला साजेशी गर्दी मात्र पुढे कधी झाली नाही. आज इथे उतरणाऱ्याला एनॅमलच्या पत्र्यावरच्या जुन्या जाहिराती दिसतात, चामडी पेट्या लादलेल्या हातगाड्या दिसतात, फलाटांना जोडणारा भुयारी मार्ग दिसतो आणि गणवेशातली माणसं दिसतात. 'डाउन्टन ॲबी' या मालिकेतलं स्टेशन ते हेच. गणवेशातल्या या माणसांपैकी बहुतेकांना पगार नाही. ती हौसेने आलेली आहेत; आठवडाभर दुसरीकडे नोकरी करून किंवा नोकरीतून निवृत्त होऊन. अशा जागेबद्दल लिहिताना लेखणी आपोआप हळवी होते. धुराचा वास, इंजिनाची शिट्टी, हरवलेला काळ, आणि शेवटी लोकांच्या प्रेमामुळे सगळं वाचलं, असा सूर लागतो. मला तो अपुरा वाटतो. बंद पडलेल्या स्टेशनावर प्रेम करणारी माणसं जगात कुठेही मिळतील. हॉर्स्टेड केन्सला प्रेमाच्या जोडीला दोन गोष्टी मिळाल्या. स्टेशनाची किल्ली हौशी माणसांच्या हाती देण्याची सोय कायद्यात होती, आणि किल्ली मिळाल्यावर त्या माणसांनी इमारत सजवून ठेवण्याऐवजी तिथलं काम चालू ठेवलं.

आधी कायद्याचं पाहू, कारण या लाइनीची कथा कलमांनीच रचलेली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं आणि तोट्यातल्या लाइनी बंद होऊ लागल्या. लुईस–ईस्ट ग्रिनस्टेड लाइन १९५५ च्या मे महिनाअखेर बंद झाली. ठरलेल्या तारखेआधीच, कारण इंजिनचालकांचा संप सुरू झाला आणि रेल्वेला आयतं निमित्त मिळालं. जवळच्या चेली गावात मॅज बेसेमर नावाच्या बाई राहत होत्या. पोलाद बनवण्याची नवी रीत शोधणाऱ्या हेन्री बेसेमर यांच्या त्या नात. त्यांनी या लाइनीला मंजुरी देणारे १८७० च्या दशकातले मूळ कायदे काढून वाचले. त्यात कंपनीवर बंधन घातलेलं होतं: रोज दोन्ही दिशांना चार प्रवासी गाड्या सोडायच्या आणि नावानिशी दिलेल्या स्टेशनांवर त्या थांबवायच्या. कायदा रद्द झालेला नव्हता, त्यामुळे लाइन बंद करणंच बेकायदा ठरलं. ७ ऑगस्ट १९५६ ला गाड्या पुन्हा धावू लागल्या, पण रेल्वेने कलमाचं पालन रुसलेल्या माणसासारखं केलं. चार म्हणजे चारच गाड्या, तीही अशा वेळी की कामावर जाणाऱ्याला सकाळी उपयोग नाही आणि संध्याकाळी परतीला नाही. त्याहून गमतीची गोष्ट किंग्जकोट आणि बारकोम या दोन स्टेशनांची. जुन्या कायद्यात त्यांची नावं नव्हती, म्हणून गाडी त्यांच्या फलाटांना घासून जायची पण थांबायची नाही. दरम्यान चौकशी झाली, तिने रेल्वेच्या कारभारावर ताशेरे ओढले, संसदेकडून ते अडचणीचं कलम काढून घेण्यात आलं आणि मार्च १९५८ मध्ये लाइन दुसऱ्यांदा, या वेळी रीतसर, बंद झाली.

इथे एक लोकप्रिय गैरसमज दूर करायला हवा. इंग्लंडात लाइन बंद पडली की बोल लावायला एक नाव ठरलेलं आहे: डॉ. रिचर्ड बीचिंग. त्यांचा अहवाल मार्च १९६३ चा. त्यात २,३६३ स्टेशनं आणि सुमारे ५,००० मैल मार्ग बंद करण्याची शिफारस होती. म्हणजे आपली ही लाइन त्यांच्या आधीच पाच वर्षं गेलेली. हेवर्ड्स हीथचा फाटा मात्र १९६३ च्या ऑक्टोबरात गेला. अहवाल आला तेव्हा पंतप्रधान होते हॅरॉल्ड मॅकमिलन. त्यांचं घर, बर्च ग्रोव्ह, हॉर्स्टेड केन्सजवळच. त्यांची कबरही गावच्याच चर्चच्या आवारात आहे. पंतप्रधान होण्याआधीच्या काळात ते ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे संचालक होते. ज्या सरकारने देशातल्या गावोगावच्या स्टेशनांना टाळं लावण्याचा अहवाल मागवला, त्याच्या प्रमुखाच्या दारचं स्टेशन हौशी पोरांनी वाचवावं, याला काय म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं.

पोरांनी हे शब्दशः खरं आहे. १५ मार्च १९५९ रोजी हेवर्ड्स हीथमध्ये जी सभा झाली ती भरवण्यात चार विद्यार्थ्यांचा पुढाकार होता. सभेचं अध्यक्षपद गेलं बर्नार्ड होल्डन या रेल्वेतल्याच अनुभवी माणसाकडे. होल्डन यांचा जन्म १९०८ साली बारकोम स्टेशनच्या घरातला, वडील तिथे स्टेशनमास्तर. कायद्यात नाव नसल्यामुळे ज्या स्टेशनावर १९५६ मध्ये गाडी थांबली नाही ते हेच. होल्डन १०४ वर्षं जगले आणि अखेरपर्यंत या रेल्वेशी जोडलेले राहिले. या सभेतून उभ्या राहिलेल्या रेल्वेचं ब्लूबेल हे नाव या भागातल्या रानात वसंतात फुलणाऱ्या निळ्या फुलांवरून आलेलं. मे १९६० मध्ये १८७५ साली बनलेलं 'स्टेपनी' हे चिमुकलं इंजिन आलं आणि ७ ऑगस्ट १९६० ला शेफील्ड पार्क स्टेशनातून पहिली गाडी सुटली. सुरुवातीला तिला हॉर्स्टेड केन्सच्या अलीकडेच थांबावं लागे, कारण स्टेशनात सरकारी रेल्वेच्या विजेच्या गाड्या अजून येत होत्या. या सगळ्यामागे १८९६ चा लाइट रेल्वेज ॲक्ट होता. खेडोपाडी स्वस्तात रेल्वे नेता यावी म्हणून केलेला. वेग कमी ठेवा, वजन मर्यादित ठेवा, मग मोठ्या रेल्वेचे सगळे जाचक नियम तुम्हाला लागू होणार नाहीत, अशी त्याची मांडणी. शेतकऱ्यांच्या सोयीचा तो कायदा साठ वर्षांनी हौशी लोकांच्या कामी आला: त्याखालच्या आदेशाने लाइनीचे हक्क आणि जबाबदाऱ्या छोट्या कंपनीकडे सोपवता येत होत्या.

पण कायदा पुरेसा असता तर ही चळवळ १८९६ नंतर लगेच सुरू झाली असती. झाली नाही, आणि त्याचा पुरावा एका अशा लाइनीत आहे जिचं मूळ सोलापूर जिल्ह्यात सापडतं. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने अडीच फुटी रुळांवर बार्शी लाइट रेल्वे उभी केली. १८९७ मध्ये ती बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत धावू लागली. दर आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, आणि तरीही मोठ्या मापाचे डबे ओढायचे, हे त्यांचं गणित. तेच गणित त्यांनी मायदेशी वापरलं आणि १९०४ मध्ये स्टॅफर्डशायरच्या टेकड्यांमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे सुरू झाली. मोठ्ठ्या दिव्याची इंजिनं, टोकाला सज्जा असलेले डबे. इंग्लंडच्या थंडीत भारतीय थाटाची गाडी. एका इंजिनाला कॅलथ्रॉप यांचंच नाव दिलेलं होतं. ही लाइन मार्च १९३४ मध्ये बंद पडली आणि रूळ उखडून तिथे पायवाट झाली. शेवटच्या हुल्म एंड स्टेशनाच्या आवारात आता पर्यटक चहा पितात. ती वाचवण्यासाठी कोणी कंपनी काढली नाही, कारण सामान्य माणसं सुट्टीच्या दिवशी येऊन रेल्वे चालवू शकतात ही कल्पनाच कोणाच्या डोक्यात नव्हती. ती आली १९५० साली, वेल्समधल्या टालिलिन या पाटीच्या दगडाच्या खाणीच्या रेल्वेपाशी. मालक वारले, लाइन बंद होणार हे दिसलं, आणि लेखक टॉम रोल्ट यांनी बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात सभा बोलावली. १४ मे १९५१ ला त्यांची पहिली गाडी धावली. जगातली स्वयंसेवकांनी चालवलेली ही पहिली रेल्वे. म्हणजे कायदा होता, लाइनी मरत होत्या, माणसंही हळहळत होती. तरी पन्नासहून अधिक वर्षं गेली. कोणीतरी आधी करून दाखवावं लागतं. ब्लूबेलच्या विद्यार्थ्यांसमोर टालिलिन होतं, कॅलथ्रॉपच्या प्रवाशांसमोर काहीच नव्हतं.

आता कामाकडे वळू. फलाटावरच्या चामडी पेट्या रिकाम्या असतात, ते सरळ सरळ नेपथ्य आहे. सिग्नल केबिनमध्ये मात्र नेपथ्याला जागा नाही. केबिनमध्ये खटक्यांची रांग असते. लाल खटके थांब्याच्या सिग्नलचे, पिवळे दूरच्या इशाऱ्याच्या सिग्नलचे, काळे सांध्यांचे, निळे कुलपांचे, आणि पांढरे म्हणजे वापरात नसलेले. खटका ओढणारा हातात फडकं धरतो. हाताच्या घामाने चकचकीत पोलादाला गंज चढतो, म्हणून. खटके खाली एकमेकांत असे गुंतवलेले असतात की एका गाडीला वाट दिली की तिला आडवी जाणारी दुसरी वाट देताच येत नाही. कितीही जोर लावला तरी खटका हलत नाही. शेजारच्या केबिनशी बोलणं घंटीच्या ठोक्यांनी. एकेरी मार्गावर टोकन हातात आल्याशिवाय ड्रायव्हरने इंजिन पुढे न्यायचं नाही. आपल्याकडच्या निवृत्त स्टेशनमास्तरांना यात नवीन काहीच वाटणार नाही. त्यांनीही नीलच्या यंत्रातून निघालेला लोखंडी गोळा चामडी पिशवीत घालून, वेताच्या कड्यासकट, धावत्या गाडीतल्या माणसाच्या हातात दिलेला आहे. मुद्दा असा की हे काम खोटंखोटं करता येत नाही. समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांना आपण हौशी आहोत हे कळत नाही. म्हणून केबिनमध्ये बसण्याआधी स्वयंसेवकाला शिकावं लागतं, नियमपुस्तिकेवर परीक्षा द्यावी लागते, ड्रायव्हर व्हायचं तर आधी इंजिन पुसणारा आणि मग कोळसा टाकणारा व्हावं लागतं. देशाच्या मोठ्या रेल्वेवर लक्ष ठेवणारं नियामक कार्यालयच यांच्यावरही लक्ष ठेवतं. खिडकीवर मिळणारं पुठ्ठ्याचं तिकीटही तसंच. टॉमस एडमंडसन या स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याने १८३० च्या दशकाअखेरीस त्याची पद्धत बसवली. प्रत्येक तिकिटावर अनुक्रमांक छापलेला, त्यामुळे संध्याकाळी उरलेल्या गठ्ठ्यावरचा आकडा पाहिला की गल्ल्यात किती पैसे असायला हवेत ते कळतं. आपल्या लहान स्टेशनांवर हीच तिकिटं काल-परवापर्यंत तारखेच्या यंत्रात खटकन दाबून मिळत होती.

यावर पहिला आक्षेप येतो तो खरेपणाचा, आणि तो सहज उडवून लावण्यासारखा नाही. जपायचं तर कोणतं साल जपायचं? स्टेशन ऐंशी वर्षं वापरात होतं. दर दहा-वीस वर्षांनी रंग बदलला, पाट्या बदलल्या, मालक बदलला. ब्लूबेलने याचं उत्तर असं काढलं की लाइनीवरच्या स्टेशनांना वेगवेगळे काळ वाटून दिले. शेफील्ड पार्क व्हिक्टोरियन काळातलं, जुन्या लंडन–ब्रायटन कंपनीच्या रंगात. हॉर्स्टेड केन्स दोन महायुद्धांच्या मधलं, सदर्न रेल्वेच्या अमलातलं. किंग्जकोट १९५० च्या दशकातलं, राष्ट्रीयीकरणानंतरचं. मला ही वाटणी प्रामाणिक वाटते. एकच स्टेशन एकाच सालात गोठवलं असतं तर पाहणाऱ्याला वाटलं असतं, हे असंच होतं. तीन स्टेशनं तीन सालांत पाहिली की तीनही ठिकाणी कोणीतरी निवड केलेली आहे हे लक्षात येतं. तरीही हॉर्स्टेड केन्सच्या निवडीत एक मोठं भोक आहे. १९३५ साली सदर्न रेल्वेने हेवर्ड्स हीथकडून इथपर्यंत वीज आणली. त्या काळातल्या प्रवाशाला विचारलं असतं तर या स्टेशनातली अभिमानाची गोष्ट म्हणून त्याने विजेवर धावणारी, धूर न सोडणारी नवी गाडी दाखवली असती. आज १९३० च्या दशकाचा पोशाख घातलेल्या या स्टेशनात ती गाडी येत नाही. येतं ते वाफेचं इंजिन, जे त्या दशकाच्या नजरेत जुनाट होत चाललं होतं. थोडक्यात, भूतकाळातला भूतकाळ जपला गेला आणि भूतकाळाचं भविष्य गळून पडलं. हौशी मंडळींना इंजिन आवडतं म्हणून हे घडलं, आणि ते मान्य करायला हरकत नसावी.

त्याहून जास्त बोचणारी उणीव माणसांच्या बाबतीत आहे. त्या काळातला हमाल, इंजिनावर कोळसा टाकणारा, रात्रपाळीचा केबिनमन यांचे तास लांब होते आणि पगार तुटपुंजा. बॉयलर धुणं हे घाणेरडं, अंगमोडी काम. १९५५ चा संप काही हवेतून आला नव्हता. शनिवारी हौसेने कोळसा टाकून रविवारी घरी जाणाऱ्याला त्या माणसाची पाठ कशी दुखत होती हे कळणार नाही. स्टेशनाच्या खिडकीतल्या पडद्यावरून आणि प्रतीक्षालयातल्या शेकोटीवरून तर मुळीच नाही. या आक्षेपाला पूर्ण उत्तर नाही. अर्धं उत्तर असं की नुसत्या इमारतीपेक्षा चालतं स्टेशन याबाबतीत बरं. तीनशे फावडी कोळसा टाकलेल्या माणसाच्या हातांना निदान काही कळलेलं असतं. काचेपलीकडचं फावडं पाहणाऱ्याला तेवढंही नाही.

हातांना कळणं ही गोष्ट किती पुढे जाते याचा दाखला म्हणजे हॉर्स्टेड केन्समधली डब्यांची कार्यशाळा. व्हिक्टोरियन काळातले लाकडी डबे रेल्वेने काढून टाकल्यावर ते लोकांनी विकत घेतले होते. कोणी चाकं काढून त्यात राहायला गेलं, कोणी समुद्रकाठी सुट्टीचं घर केलं, कोणी कोंबड्या ठेवल्या. अशी धडं शोधून, कुजलेल्या चौकटीच्या जागी नवी चौकट बसवून, रंगाचे थर खरवडून मूळ अक्षरं गवसतात का पाहत, इथे डबा पुन्हा चाकांवर चढवतात. याला वर्षं लागतात. पगारी कारागीरही त्यात आहेत, सगळं फुकट होत नाही. आणि 'बीची हेड' नावाचं इंजिन तर याही पुढचं. ब्रायटनच्या लाइनीवर धावणाऱ्या या जातीचं शेवटचं इंजिन एप्रिल १९५८ मध्ये मोडीत निघालं, म्हणजे ही लाइन बंद झाली त्याच्या पुढच्याच महिन्यात. १९८० च्या दशकात लाकडाच्या एका कारखान्यात त्याच बनावटीचा एक बॉयलर सापडला. त्याच्याभोवती स्वयंसेवकांनी वीसहून अधिक वर्षं खपून बाकीचं सगळं इंजिन नव्याने घडवलं, आणि २०२४ मध्ये ते धावू लागलं. हे जतन म्हणायचं की नवनिर्मिती? काटेकोर अभ्यासक नाक मुरडतील, आणि वस्तू जपणं हेच ध्येय असेल तर त्यांचं बरोबर आहे. पण ज्यांना इंजिन बनवता येतं अशी माणसं जपणं हे ध्येय मानलं तर याहून भक्कम पुरावा मिळणार नाही.

दुसरा आक्षेप उपयोगाचा. ही गाडी कोणाला कामावर नेत नाही. बहुतेक प्रवासी मोटारीने स्टेशनवर येतात, गाडीत बसतात, जिथून निघाले तिथे परत येतात आणि मोटारीने घरी जातात. तिकीट महाग असतं. बीचिंग यांच्या अहवालातला एक आकडा इथे आठवायला हवा: देशातल्या एक तृतीयांश मार्गावर मिळून एकूण प्रवासी वाहतुकीच्या अवघा एक टक्का वाहतूक होत होती. भावनेने कितीही राग आला तरी हा आकडा खोटा नव्हता, आणि हॉर्स्टेड केन्ससारखी पाच फलाटांची ओस स्टेशनं हे त्याचंच चित्र होतं. ब्लूबेलने तो आकडा चुकीचा ठरवलेला नाही. तसा दावाही तिने करू नये. ब्लूबेलची लाइन २३ मार्च २०१३ ला ईस्ट ग्रिनस्टेडपर्यंत पोचली आणि देशाच्या रेल्वेजाळ्याला पुन्हा जोडली गेली, तरी त्यामुळे ती वाहतुकीचं साधन झाली असं नाही. त्या जोडणीची किंमत मात्र सांगण्यासारखी आहे. वाटेतली इम्बरहोर्नची खिंड लाइन बंद झाल्यावर स्थानिक प्रशासनाने घरोघरच्या कचऱ्याने भरून टाकली होती. ती मोकळी करण्यासाठी वर्षानुवर्षं पैसे गोळा करून, काही कचरा रेल्वेनेच वाहून नेऊन, रूळ टाकण्याची जागा उघडी करावी लागली. सार्वजनिक मार्ग एकदा सोडला की परत मिळवायला काय पडतं, याचा हिशेब म्हणून वाहतुकीचं नियोजन करणाऱ्यांनी ती खिंड पाहावी.

कोळशाच्या धुराबद्दलचा आक्षेप मी थोडक्यात आटोपतो, कारण तो खरा असला तरी काळच त्याचा निकाल लावतो आहे. दक्षिण वेल्समधली फोस-इ-फ्रान ही खुली खाण २०२३ च्या अखेरीस बंद झाल्यापासून या रेल्वेंना परदेशी कोळशावर अवलंबून राहावं लागतं आहे. खरी काळजी माणसांची. ब्रिटनमध्ये अशा रेल्वेंवर वीस हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत, पण त्यांतल्या फार जणांनी वाफेची गाडी लहानपणी खरोखर पाहिलेली आहे, आणि ती पिढी आता थकली. नवी पोरं घ्यावीत तर १९२० चा एक कायदा आडवा येतो. कारखाने, खाणी आणि रेल्वेत मुलांना राबवू नये म्हणून तो केला गेला. हौसेने फलाट झाडायला आलेल्या चौदा वर्षांच्या मुलालाही तोच कायदा लागू पडतो, अशी तक्रार ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात वारंवार मांडली गेली आहे. एका जुन्या कलमाने ही लाइन दीडेक वर्ष जगवली, दुसऱ्याने तिची चळवळ उभी केली, तिसरं तिच्या पुढच्या पिढीच्या वाटेत आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाच्या मनात एव्हाना प्रश्न आला असेल: आपल्याकडे का नाही? त्याचं तयार उत्तर असतं की आपल्या लोकांना वारशाची आच नाही. हे उत्तर आळशी आहे. दर रविवारी राज्यातल्या कुठल्या ना कुठल्या गडावर तरुणांचे गट पाण्याची टाकी उपसत असतात, बुरुजावरची झाडं काढत असतात, दरवाज्यांपुढची माती हलवत असतात. गणेशोत्सवाची मंडळं आणि वारीतल्या दिंड्या बिनपगारी संघटनेवरच चालतात. आच आहे, श्रमदानही आहे. गडावर काम करायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ती मिळवायला त्रास होतो, पण निदान कोणाकडे अर्ज करायचा हे ठाऊक असतं. रेल्वेच्या बाबतीत तेवढंही नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्यात बिगरसरकारी रेल्वेची व्याख्या आहे आणि मार्ग प्रवाशांसाठी खुला करण्याआधी सुरक्षा आयुक्तांच्या तपासणीची तरतूद आहे. पण पंचवीस-तीस हौशी माणसांनी चार किलोमीटरचा सोडलेला फाटा कमी वेगाने, स्वतःच्या जबाबदारीवर चालवायचा म्हटलं तर त्यासाठी रुळलेली वाट नाही. म्हणून आपल्याकडे जतन म्हणजे चौथरा. रंगवलेलं इंजिन कार्यालयासमोर उभं, भोवती साखळी. किंवा मग सगळं सरकारच करतं, जसं हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये वाफेची इंजिनं चालू ठेवून रेल्वेने केलं आहे, आणि चांगलं केलं आहे. १९०७ पासूनची नेरळ–माथेरान गाडी रेल्वे चालवते म्हणून आहे. २०१९ च्या पावसात मार्ग खचला तेव्हा नेरळहून वर जाणारी गाडी पुन्हा सुरू व्हायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. त्या मधल्या काळात हौशी माणसाला करण्यासारखं काहीही नव्हतं.

इथे आणखी एक सावधगिरी हवी. विदर्भातली शकुंतला, पूर्वी मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे धावणारी गाडी, हा अशा चर्चेत हटकून निघणारा विषय. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेल्या इंजिनाने १९९४ पर्यंत ती ओढली, त्यामुळे बाहेरचे लोक तिच्याकडे वारसा म्हणून पाहतात. लाइनीवरची माणसं मात्र वर्षानुवर्षं मागत आहेत ती ब्रॉडगेज. त्यांना दवाखान्यात, बाजारात, कॉलेजात जायचं आहे. ससेक्समध्ये लाइन गेली तेव्हा दारोदारी मोटारी येऊ लागल्या होत्या; अचलपूरच्या वाटेवर तसं म्हणता येत नाही. जिथे गाडीची गरज अजून उभी आहे तिथे गाडीला वारसा ठरवणं म्हणजे मागणाऱ्याला ताटाऐवजी ताटाचं चित्र देणं. ब्लूबेलचा धडा तिथे लागू पडत नाही आणि ओढूनताणून लावू नये.

तो लागू पडतो दुसरीकडे, आणि तिथे वेळ थोडा आहे. आपल्याकडच्या स्टेशनांतले खटके निघून त्यांच्या जागी आधी पॅनेलवरची बटणं आणि आता संगणकावर चालणारी यंत्रणा बसते आहे. त्यामुळे गाड्या अधिक सुरक्षित धावतात, म्हणून ते व्हायलाच हवं. पण काम संपलेल्या केबिनी पाडल्या जातात आणि खटके भंगारात जातात. एखाद्या अशा केबिनीला, मुख्य मार्गापासून तोडून, बाजूच्या बंद सायडिंगवरच्या दोन सिग्नल आणि दोन सांध्यांशी जोडून ठेवता येईल. त्यावर प्रवासी गाडी जाणार नाही, म्हणजे सुरक्षेचा मोठा प्रश्नही येणार नाही, आणि रेल्वेला जमीन विकावी न लागता भाड्याने देता येईल. इंजिनापेक्षा हा खर्च कितीतरी कमी. तिथे शिकवणारी माणसं मात्र आज हवीत. खटक्यांच्या रांगेपुढे आयुष्य काढलेले केबिनमन, सांधेवाले, गोळा आणि घंटी वापरणारे स्टेशनमास्तर कुर्डुवाडीत, दौंडला, मनमाडला, भुसावळला पेन्शन घेत घरी बसलेले आहेत, आणि त्यांच्यातले तरुण म्हणावेत तेही सत्तरीला टेकले आहेत. इंग्लंडमध्ये बर्नार्ड होल्डन यांनी नुकतीच पन्नाशी ओलांडली होती तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांना अध्यक्ष केलं, आणि त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं ते शिकवायला हाताशी होते. आपल्याकडे कोणी आज सभा बोलावली तर शिकवणाऱ्यांपाशी फार तर दहा वर्षं असतील.